पार्ट येईपर्यंत

गिऱ्हाईक गाडीत बसलं. त्यानं स्टिअरिंग इकडेतिकडे फिरवून पाहिलं, आरशात स्वतःच्या मिशा न्याहाळल्या आणि मग हँडब्रेकचा दांडा ओढला. दांडा वाफ्यातला मुळा उपटावा तसा अलगद वर आला आणि सोडल्यावर तितक्याच अलगद खाली गेला.

“हे काय ओ? हँडब्रेक लागतच न्हाई?”

“नाही,” माझा नवरा मुकुंद म्हणाला. “त्याची केबल मिळत नाही. आमचे अण्णा उटीवर चालवायचे.”

त्यानं वाकून पुढच्या सीटच्या पायाशी ठेवलेला दगड उचलून दाखवला. काळा, एका बाजूनं उतरता घडवलेला आणि वर धरायला लोखंडी कडी बसवलेला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, तो वडाराकडून मुद्दाम करून घेतला होता. चढावर गाडी थांबली की मागच्या चाकाखाली ही उटी लावायची, म्हणजे गाडी मागं सरत नाही. घाटातले ट्रकवालेही हेच करतात, पण त्यांच्याकडे त्यासाठी क्लीनर असतो. अण्णांकडे माझ्या सासूबाई होत्या.

“चालतंय,” गिऱ्हाईक म्हणालं. “मला कुठं पळवायचीय? उघडून पार्ट काढायचं आन पत्रा भंगारात.”

“गाडी विकायची नाही.”

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कणकेचे हात तसेच घेऊन उभ्या होत्या. अण्णांना जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या दिवसापासून आईंनी घरात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. देव्हारा हलवू का, हलवा. अण्णांचे कपडे देऊन टाकू का, टाका. त्यामुळे मुकुंद गडबडला.

“आई, अगं ती नुसती शेडमध्ये उभी आहे. चालवणार कोण?”

“मी चालवीन.”

गिऱ्हाईक खो खो हसलं. तिथंच त्याचं चुकलं. आईंनी हात धुतले, त्याला चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं.

याला आता पंचवीसेक वर्षं झाली. आम्ही पाटणला राहतो. तेव्हा आमचं वजनकाट्यांचं दुकान होतं, आजही आहे. अण्णा काटे दुरुस्त करायचे. वाण्याचे, सोनाराचे, गुळाच्या वखारीतले. त्यासाठी घाटाच्या वरची आणि खालची सगळी बाजारगावं ते फिरायचे. त्या फिरतीसाठी त्यांनी ही गाडी घेतली होती, तीसुद्धा दुसऱ्याची वापरलेली. गोलसर टपाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. पुढं तिच्या हँडब्रेकची केबल तुटली. सुरुवातीला उटी लावायला एक गडी असायचा. तो थोड्याच दिवसांत मुंबईला गिरणीत लागला. नवा गडी ठेवायचा तर पगार आला, आणि पगार म्हटलं की अण्णांच्या आईच्या, थोरल्या बाईंच्या, पोटात कळ यायची. थोरल्या बाई म्हणजे जहाल प्रकरण. सुनेनं पाण्याला आणि देवळाला सोडून उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. पण गड्याचा पगार वाचतो म्हटल्यावर त्यांनी कायद्याला मुरड घातली. “जा नवऱ्याबरोबर,” त्या आईंना म्हणाल्या होत्या. “पार्ट येईपर्यंत.”

पार्ट काही आला नाही. गाडी दुरुस्त करणारा तातोबा मिस्त्री दर वेळी कानाला हात लावायचा, “मालक, कोल्हापूर पालथं घातलं. ह्या गाडीचा त्यो पार्टच गावत न्हाई.” थोरल्या बाई गेल्या, मुकुंद मोठा झाला, मी सून म्हणून आले, तरी आमच्या घरात ‘या गाडीची केबल मिळत नाही’ हे सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं.

त्या काळातल्या रीतीप्रमाणे अण्णा चारचौघांत बायकोला नावानं हाक मारत नसत. घाटात गाडी थांबली की ते नुसतं ओरडायचे, “उटी!” आणि आई दार उघडून दगड घेऊन धावायच्या. लहानपणी मुकुंदला कुणी आईचं नाव विचारलं तर तो ‘उटी’ असंच सांगायचा म्हणे. आम्ही ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगायचो, पण सांगताना मुकुंद स्वतः हसत नसे.

त्या दिवशी गिऱ्हाईक गेल्यावर तो माझ्यावरच घसरला.

“तुला काय, गंमत वाटते. मी मागच्या सीटवर बसून बघितलंय वैजू. धो धो पाऊस, चिखल, आणि आई नऊवारी सावरत त्या दगडापायी धावतेय. गाडी निघाली की पुन्हा तो धोंडा उचलून मागनं पळतेय, कारण अण्णा सपाटीशिवाय थांबायचे नाहीत. त्या गाडीनं माझ्या आईचा हमाल केला. मला ती दारात नको.”

आता मला कळलं, शेड गोदामाला पाहिजे वगैरे जे तो सांगत होता ते वरवरचं होतं. मला त्याचं खरंही वाटलं. मी आईंकडे गेले आणि म्हटलं, “आई, चिपळूणला मावशींकडे जायचं असेल तर एसटी आहे की दारातून.”

“एसटी जिथं थांबते तिथं मला जायचं नाही,” आई म्हणाल्या. “अण्णा गेल्यापासून मी या चार भिंतींत आहे. तुम्ही दोघं मला जपता, मान्य आहे. पण जपून ठेवलेली वस्तू फडताळातच राहते गं. गाडी गेली की मी संपले, एवढं समज.”

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलासमोर विषय काढला. बराच वाद झाला. शेवटी मुकुंद चिडून म्हणाला, “ठीक आहे. दिवाळीच्या आत गाडी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला ने आणि घाट चढवून परत आण. तुझी तू. दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आणलीस तर मी विकायचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर ज्यानं मागितली त्याला दुसऱ्या दिवशी देणार.”

“शब्द?”

“शब्द.”

“वैजू साक्षीला आहे,” आई म्हणाल्या आणि त्यांनी निवांत ताक प्यायलं.

साक्षीला राहून मी सुटले असते तर बरं होतं. पण माझ्या वडिलांचं कराडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. आमच्या घरात बोलणंसुद्धा त्याच भाषेत चालायचं. सासरी निघाले तेव्हा वडील म्हणाले होते, “पहिल्या गिअरवर जा, घाई करू नको.” तेव्हा आईंना शिकवायचं माझ्याच गळ्यात पडलं. सकाळी मी शिकवायचे ती बालवाडी भरायच्या आधी आम्ही बाजारतळावर जायचो. बाजाराचा दिवस सोडला तर तिथं कुत्र्यांशिवाय कुणी नसे.

मी वडिलांच्या स्कूलमध्ये नाना नमुने पाहिले होते, पण असा शिकाऊ पाहिला नव्हता. आईंच्या हातापायांना गाडी येत नव्हती, कानांना मात्र पुरी येत होती. इतकी वर्षं शेजारी बसून तिचा प्रत्येक आवाज त्यांच्या डोक्यात बसला होता. “आता ती दुसरा मागतेय,” असं त्या म्हणायच्या आणि गाडी खरंच दुसरा गिअर मागत असायची. तो पडेपर्यंत मात्र गाडी आचके देऊन बंद व्हायची.

खरी पंचाईत वेगळीच होती. गाडी थांबली की आईंचा हात दाराच्या कडीवर जायचा. मी काही बोलायच्या आत दार उघडलेलं आणि एक पाय बाहेर! उटी लावायला उतरायची सवय अंगात अशी भिनली होती की आता आपण ड्रायव्हर आहोत, हे पायांना पटतच नव्हतं.

“आई! ब्रेक! पाय ब्रेकवर! उतरताय कुठं?”

“अगं बाई, खरंच की.”

तोवर गाडी घरंगळत निघालेली असायची. एकदा ती अशीच मागं गेली आणि भाजीवाल्यांचे पालांचे बांबू आडवे करून थांबली. आईंनी उतरून सगळे बांबू एकटीनं पुन्हा रोवले, मला हात लावू दिला नाही. मग घाम पुसून परत गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, “चल, पुन्हा.”

गावाला विषय मिळाला. पिठाच्या गिरणीत बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजायच्या, की म्हातारीला नवरा गेल्याचं दुःख सोडून भलताच चळ लागलाय. मी ते घरी येऊन सांगितलं आणि सांगितल्याबरोबर मला वाईट वाटलं. आई गव्हातले खडे निवडत होत्या.

“त्यांना सांग, जागा आहे गाडीत. ज्यांना चळ लागेल त्यांनी मागं बसा,” त्या म्हणाल्या.

हळूहळू पाय ठिकाणावर आला. शिकाऊ लायसन निघालं, गाडीला पुढंमागं लाल ‘एल’ लागला. तातोबा मिस्त्रीनं प्लग साफ करून दिले, रेडिएटरचा पाइप बदलला, ब्रेक घट्ट केले. मी म्हटलं, “तातोबा, हँडब्रेकचं बघा ना काहीतरी.” त्यानं नेहमीसारखा कानाला हात लावला. “पार्टच न्हाई, सूनबाई. काय करनार?” आणि तो घाईघाईनं गाडीखाली शिरला.

नवरात्र उलटलं आणि एका सकाळी आम्ही निघालो. आईंनी गाडीला हळदकुंकू वाहिलं, पाण्याच्या दोन कॅन आणि एक जुना टॉवेल पायाशी ठेवला. दगड माझ्या बाजूला आला. मुकुंद दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं पुढं येऊन टायर लाथेनं ठोकून पाहिले. चारही.

घाट उतरताना आई वाघिणीसारख्या बसल्या होत्या. खाली चिपळूणला मावशी दारात ओवाळायला ताट घेऊनच उभ्या. जेवण झालं, दोघी बहिणींचं बोलणं झालं, रडणं झालं. मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ही किती दिवसांनी पहिल्यासारखी दिसतेय गं.” ऊन कलायच्या आत आम्ही परत फिरलो.

चढाला गाडीनं सुरुवातीपासूनच कुरकुर केली. ऊन रणरणत होतं आणि पुढे जांभ्या चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक मुंगीच्या पावलांनी चढत होता. एका अवघड वळणावर तो ट्रक हिसका देऊन थांबलाच. आईंनी ब्रेक दाबला. आमचं इंजिन फुस्स करून बंद पडलं. मागं, अगदी शेपटाला, माणसांनी भरलेली एसटी.

“उटी!” आई ओरडल्या.

आवाज थेट अण्णांसारखा. मी दगड घेऊन उडीच मारली आणि मागच्या चाकामागं नेऊन टेकवला. “लावली!” म्हटलं. आईंनी पाय सैल केला, आणि चाकानं दगडाला असा धक्का दिला की तो निसटून माझ्या बोटांवर आला. मी किंचाळले. गाडी मागं सरकली. एसटीचा भोंगा घाटभर घुमला.

आईंनी पुन्हा ब्रेक गच्च दाबला. खिडकीतून त्यांचा आवाज आला, जराही न कापणारा.

“वैजू, उलटी लावलीस. उतरती बाजू चाकाकडे कर. चाक चढलं पाहिजे तिच्यावर. आणि पायानं सरकव, हातानं नको.”

मी रडत रडत दगड फिरवला. या वेळी चाक त्यावर दबलं आणि गाडी थांबली. माझ्या दोन बोटांची नखं काळीनिळी होत होती. ट्रक धूर सोडत निघून गेला, पण आमचं इंजिन आता चालूच होईना. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरून आला. भला माणूस होता.

“आजी, हटा बाजूला. मी गाडी सपाटीला लावून माघारी येतो. ह्या ताई तोवर माझ्या बसमध्ये बसतील.”

खरं सांगते, माझ्या तोंडात ‘हो’ आलं होतं. बोटं ठणकत होती, बसमधली सगळी मुंडकी खिडकीबाहेर आली होती. कोण जाणार होतं मुकुंदला सांगायला?

“नको रे बाबा,” आई म्हणाल्या. “तू एवढंच कर, तुझी बस हातभर मागं घे. मला जागा लागेल.”

मग त्या उतरल्या. बॉनेट उघडलं, टॉवेल पाण्यात भिजवून इंजिनाच्या छोट्या पेट्रोलपंपाभोवती गुंडाळला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, चुलीवरच्या भातावर लक्ष ठेवावं तशा. “तापला की पेट्रोल ओढत नाही तो,” मला म्हणाल्या. “निवू दे.” टॉवेल दोनदा भिजवून झाला. बसमधला एकजण ओरडला, “आजीबाई, अंधार पडंल!” आईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या परत बसल्या. किल्ली फिरवली. एकदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. त्यांनी ते चांगलं मोठं होऊ दिलं, क्लच हळूहळू सोडला आणि गाडी दगडावरून पुढं सरकली. सरकली ती चाललीच! मी मागं हातात धोंडा घेऊन उभी.

“आई, थांबा!”

कुठलं थांबतात? चढावर थांबायचं नाही, ही अण्णांची शिकवण. मी दगडाची कडी चांगल्या हातात धरून पळत सुटले. मागनं एसटी रांगत येत होती आणि आतली माणसं टाळ्या पिटत होती. माझा श्वास छातीत मावेना. वळण गेलं, दुसरं वळण गेलं, तेव्हा कुठं सपाटीला उभी असलेली आमची गाडी दिसली. आई शांतपणे पाणी पीत होत्या.

“मला नाही कधी एवढा वेळ लागला,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर भिजवून माझी बोटं बांधली. तेव्हा मला हसूही येत होतं आणि चीडही. एवढं पळणं ही बाई वर्षानुवर्षं पळत होती. कशासाठी? एका केबलसाठी! मुकुंद चिडायचा ते बरोबर होतं, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

दिवेलागणीला गाडी दारात आली. मुकुंद पायरीवरच बसून होता. त्यानं आईला खाली उतरताना पाहिलं, मग माझी बांधलेली बोटं पाहिली.

“तुझी तू आणलीस?”

“विचार हिला.”

“एकटीनं आणली,” मी म्हटलं. “मला तर घाटात सोडून आल्या.”

मुकुंद शब्दाला जागला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता तो गाडीत येऊन बसला. “चला तातोबाकडे,” म्हणाला. “गाडी ठेवायची तर केबलचा निकाल लागला पाहिजे. काल आई होती म्हणून निभावलं. आज वैजूची बोटं, उद्या आणखी काही.”

आईंनी किल्ली घेतली. त्यांनी गाडी काढली. तातोबाचं गॅरेज गावाबाहेरच्या चढाच्या पायथ्याशी होतं. मुकुंद उतरला तोच भडकलेला.

“तातोबा, आमच्या जन्मापासून ऐकतोय, पार्ट मिळत नाही. मुंबईत मिळत नाही? दिल्लीत मिळत नाही? मला नुसतं नाव लिहून द्या, मी माणूस पाठवतो. कसले मिस्त्री तुम्ही! माझ्या आईनं उभा जन्म दगड उचलला तुमच्यापायी!”

तातोबा हातातला पाना पुसत मान खाली घालून ऐकत राहिला. असा तो ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. गाडीवाल्यालाच चार शिव्या देऊन परत पाठवण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्यानं मुकुंदकडे पाहिलंच नाही, आईंकडे पाहिलं.

“वैनी?”

“काढा तातोबा,” आई म्हणाल्या.

तातोबा आत गेला. जुन्या टायरांच्या मागं भिंतीत एक खिळा होता, त्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लटकत होतं. ते घेऊन तो बाहेर आला आणि त्यानं पोतं सोडलं. ग्रीसमध्ये न्हालेली, वेटोळं केलेली केबल. गंजाचा एक ठिपका नाही.

“ही ह्याच गाडीची,” तो म्हणाला.

“कधी आणली?” मुकुंदनं विचारलं.

“तुमी चड्डीत हुता तवा.”

मुकुंद माझ्याकडे बघायला लागला, मी आईंकडे. आई गॅरेजच्या कट्ट्यावर बसल्या.

“थोरल्या बाईंनी मला सोडलं होतं ते पार्ट येईपर्यंत,” त्या म्हणाल्या. “पाच-सहा फेऱ्या झाल्या असतील. मी पहिल्यांदा चिपळूणची खाडी बघितली, गुहागरचा समुद्र बघितला. हॉटेलात बसून भजी खाल्ली. आणि पार्ट आला. तुझे अण्णा बाजारात गेले होते. मी देवळाचं निमित्त करून इथं चौकशीला आले, तर या तातोबांनी केबल बसवूनसुद्धा टाकली होती. मी म्हटलं, मिस्त्री, ही काढा. ही राहिली तर मी उद्यापासून घरात.”

“रडत हुत्या वैनी,” तातोबा म्हणाला. “म्हनल्या, भैन समजून काढा. मग काय करतो मी?”

“पण आई, तू पळायचीस,” मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “पावसात. तो एवढा धोंडा घेऊन. मी बघायचो.”

“पळायची की. जड होता रे दगड. नाही म्हणत नाही मी. पण तो उचलला म्हणून तर मी सगळा मुलूख बघितला. घरात थोरल्या बाईंचे पाय चेपण्यापेक्षा घाटात पळणं मला बरं वाटायचं. तू मागं बसून रडवेला व्हायचास, ते मला दिसायचं. तुला काय सांगणार? तू जाऊन आजीला सांगितलं असतंस.”

मुकुंद आईच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

तातोबानं घसा खाकरला.

“वैनी, आता मालक न्हाईत म्हनून सांगतो. त्यांना म्हाईत हुतं.”

आईंनी झटकन वर पाहिलं.

“एकदा दसऱ्याला पूजेला आलं आन खिळ्यावरची केबल त्यांच्या नजरंला पडली. हातात घिऊन निरखून बघितली. म्या म्हनलं, आता आपलं मेलं. तर मला म्हनले, तातोबा, जितं हाय तितं ठेव. आन तिला सांगू नको मी बघितली म्हनून. आमच्या आईच्या कानावर गेलं तर हिला परत कुनी सोडायचं न्हाई. तवापास्नं दर दसऱ्याला यायचे, सोताच्या हातानं तिला ग्रीस लावून जायचे. म्हनायचे, गंजायला नको. कवातरी लागंल.”

आईंनी ती केबल तातोबाच्या हातातून घेतली. ग्रीस त्यांच्या बोटांना लागलं, लुगड्याला लागलं. कितीतरी वेळ त्या तिच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

“लबाड,” त्या म्हणाल्या. “सगळं ठाऊक होतं, आणि वर माझ्यावरच ओरडायचे, उटीला उशीर केलास म्हणून!”

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून धारा लागल्या, तरी हसत राहिल्या. अण्णा गेले त्या दिवशीसुद्धा त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. मुकुंदनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि केबल तातोबाच्या हातात दिली.

“बसवा.”

“बघा हां वैनी. परत काढा म्हनशीला.”

“नाही म्हणणार. हिला बालवाडी, त्याला दुकान. उटी लावायला आता कोण येणार माझ्याबरोबर? पक्कं लायसन हातात आलं की मला एकटीनं जायचंय.”

तातोबा गाडीखाली गेला. आम्ही चहा प्यायलो. तो बाहेर आल्यावर आईंनी गाडी चालू केली. मी शेजारी बसले, मुकुंद मागं, लहानपणी बसायचा तिथंच. आईंनी गाडी समोरच्या चढावर घेतली आणि बरोबर मध्यावर थांबवली.

गाडी थांबल्याबरोबर माझा हात दगडाच्या कडीवर गेला. दार उघडून माझा एक पाय बाहेर पडलासुद्धा होता. तेवढ्यात आईंनी दांडा वर ओढला. कर्र कर्र कर्र. मग त्यांनी ब्रेकवरून पाय काढला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“आत ये गं वैजू,” त्या म्हणाल्या. “थांबलीय ती.”